सरकारची गॅरंटी बँकेला आहे दादा, तुम्हाला नाही

"ताई, नमस्कार. श्रीवर्धन तालुक्यात समुद्राजवळ आमचं आठ खोल्यांचं लॉज आहे, मागे पोफळी-नारळाची वाडी, जेवण घरचंच, आई आणि बायको बघतात. 2020 ला मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि 3 जूनला निसर्ग वादळाने चार खोल्यांचे पत्रे आणि अर्धी वाडी नेली. तेव्हा लॉजवर बँकेचं 30 लाख कर्ज होतं. बँकेनेच फोन करून 6 लाखाचं कोविड लोन दिलं, मग 2021 च्या नोव्हेंबरला अजून 6 लाख दिले. पहिलं फिटलं. दुसऱ्याचे साधारण 20 हप्ते राहिलेत, हप्ता 15 हजार, शिवाय लॉजच्या मूळ कर्जाचे महिन्याला 28 हजार. गेल्या मे मध्ये ऐन सीझनला पाऊस आला, आजूबाजूला होमस्टे पण खूप झालेत, मुलीची इंजिनिअरिंगची फी भरली आणि गेल्या महिन्याचा कोविड लोनचा हप्ता बाउन्स झाला. इथे सगळे म्हणतात ह्या लोनला सरकारची 100 टक्के गॅरंटी आहे, नाही भरलं तर सरकार बँकेला देतं, तू कशाला भरतोस. माझा आतेभाऊ न्यू जर्सीत आहे, त्याचं कोविडचं कर्ज खरंच माफ झालं. एक एजंट म्हणतो 25 हजार द्या, 40 टक्क्यांत सेटलमेंट करून देतो. मूळ कर्ज मी भरतच राहणार आहे, फक्त कोविड लोन थांबवलं तर चालेल का?
एक लॉजवाला भाऊ, रायगड"

दादा, नाही. थांबवू नका. हे आधीच सांगून टाकते कारण पत्र छापून तुमच्या हातात पडेपर्यंत पुढचा हप्ता आलेला असेल, आणि माझं बाकीचं वाचायला वेळ नाही मिळाला तरी एवढं एक वाक्य तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे.

आता नीट बसून बोलू.

तुम्हाला गावात जे सांगतायत ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते इतकं पसरलंय. गॅरंटी आहे, 100 टक्के आहे, सरकारचीच आहे. मे 2020 मध्ये आत्मनिर्भर भारत पॅकेजमध्ये ही योजना आली, तिचं सरकारी नाव लांबलचक आहे, मी बँकेत होते तेव्हा आम्ही शाखेत तिला ईसीएलजीएस म्हणायचो आणि तुमच्यासारखे सगळे कोविड लोन म्हणायचे. सुरुवातीला 3 लाख कोटींची होती, पुढे वाढवत वाढवत 5 लाख कोटींपर्यंत नेली आणि 31 मार्च 2023 ला बंद झाली. तिची कल्पना अशी की 29 फेब्रुवारी 2020 ला तुमच्यावर जेवढं कर्ज होतं त्याच्या 20 टक्के जादा कर्ज बँकेने द्यायचं, नवीन तारण मागायचं नाही, प्रोसेसिंग फी घ्यायची नाही, आणि बँकेला भीती वाटू नये म्हणून बुडालं तर एनसीजीटीसी नावाची सरकारी ट्रस्टी कंपनी बँकेला पैसे देणार. तुमचे 30 लाख होते म्हणून 6 लाख. मग 2021 च्या मार्चमध्ये हॉटेल, पर्यटन वगैरे धंद्यांसाठी ही मर्यादा 40 टक्के केली म्हणून तुम्हाला अजून 6 लाख मिळाले, आणि त्याला 6 वर्षांची मुदत, त्यातली पहिली 2 वर्षं फक्त व्याज.

म्हणजे बघा, गॅरंटी कोणाला दिली? बँकेला. बँक तेव्हा घाबरलेली होती, लॉकडाउनमध्ये बंद पडलेल्या लॉजला कोण नवीन पैसे देणार, तिला धीर यावा म्हणून सरकारने मागे हात ठेवला. तो हात तुमच्या पाठीवर नव्हता, बँकेच्या पाठीवर होता. तुम्ही नाही भरलं की बँक एनसीजीटीसीकडे क्लेम टाकेल आणि तिला पैसे मिळतीलही, पण तुमचं देणं तिथे संपत नाही, क्लेम मिळाल्यावरसुद्धा बँकेने तुमच्याकडून वसुली चालूच ठेवायची आणि जे वसूल होईल ते त्या कंपनीला परत द्यायचं असा नियम आहे. सरकारने तुमच्या बदली पैसे भरले असं होत नाही. बँकेचं नुकसान सरकारने तात्पुरतं उचललं आणि तुमच्या मागचा तगादा तसाच राहिला, एवढंच होतं.

हे सांगताना मला एक गोष्ट मनापासून कबूल करायचीय. 2020 च्या जुलै-ऑगस्टमध्ये मी एका तालुक्याच्या गावी शाखा सांभाळत होते. काउंटरला प्लास्टिकचा पडदा, टेबलावर सॅनिटायझरची बाटली, कागदांना त्याचा वास, आणि बाहेर रांगेत खडूने काढलेले गोल. वरून रोज यादी यायची की एवढे ग्राहक पात्र आहेत, यांना फोन करा, बोलवा, सह्या घ्या, आज किती झाले ते संध्याकाळी कळवा. एक ट्रॅव्हल्सवाले काका आले होते, दोन मिनीबस त्यांच्या, दोन्ही मार्चपासून दारात उभ्या. मास्कच्या आतून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, हे परत करायचं असतं ना?" आणि मी घाईत म्हणाले, "अहो सरकारची गॅरंटी आहे, काळजी करू नका, सही करा." परत करायचं असतं हे वाक्य मी बोललेच नाही. ते काका पुढे हप्ता सुरू झाला तेव्हा शाखेत येऊन माझ्यासमोर गप्प बसून राहिले होते, ते मला आजही दिसतात. माझ्यासारख्या कितीतरी जणांनी कितीतरी टेबलांवर हेच वाक्य टाकलं असणार आणि तेच फिरत फिरत आज तुमच्या गावात "तू कशाला भरतोस" होऊन आलंय. म्हणून हे पत्र बाजूला ठेवणं मला जमलं नाही.

तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे, की मूळ कर्ज भरतो, फक्त कोविड लोन थांबवतो. दादा, हे वरवर शहाणपणाचं वाटतं पण बँकेत ते तसं चालत नाही. बँक खातं बघून थकबाकी मोजते पण एनपीए, म्हणजे थकलेलं कर्ज, ठरवताना माणूस बघते. एका बँकेत तुमची दोन कर्जं आहेत, एकाचा हप्ता 90 दिवसांच्या वर थकला की तुमची दोन्ही कर्जं एनपीए. मूळ कर्जाचा 28 हजाराचा हप्ता तुम्ही तारखेच्या आदल्या दिवशी भरला असला तरी. म्हणजे जे साधारण पावणेतीन लाख राहिलेत (20 हप्ते, 9.25 टक्के धरून मी मोजलं तर मुद्दल 2 लाख 77 हजाराच्या आसपास येतं, तुमच्या स्टेटमेंटला थोडं इकडेतिकडे असेल) त्या पावणेतीन लाखापायी अख्खं लॉज पणाला लागतं. आणि तारणाचं म्हणाल तर नवीन तारण घेतलं नाही हे खरं, पण तुमच्या एवढ्या रकमेच्या खात्यात जुन्या तारणावरच ह्या लोनचा दुसरा बोजा चढवायची अट होती. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून बघा, इतर हक्कात बँकेचं नाव दोनदा आहे का ते.

90 दिवसाचा हिशोब कसा चालतो ते पण समजून घ्या कारण तुम्ही आत्ता त्याच्या आत आहात. हप्त्याची तारीख गेली की 30 दिवसांपर्यंत खातं एसएमए-0 (एसएमए म्हणजे एनपीएच्या आधीची धोक्याची पायरी), मग 60 पर्यंत एसएमए-1, मग 90 पर्यंत एसएमए-2, आणि नंतर एनपीए. तुमचा एकच हप्ता बाउन्स झालाय म्हणजे अजून तुम्ही पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आहात. ह्या पायऱ्यांवर असेपर्यंत बँक तुमच्याशी ग्राहक म्हणून बोलते. एनपीए झालं की फाइल दुसऱ्या टेबलावर जाते, तिथला माणूस तुमच्या वाडीतलं जेवण जेवलेला नसतो. मग सरफेसी कायद्याची, म्हणजे तारण ताब्यात घ्यायच्या कायद्याची, 60 दिवसांची नोटीस येऊ शकते, आणि पूर्वी लोक करायचे तसं थोडं व्याज भरून खातं सरळ करून घेणं आता होत नाही, रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये स्पष्ट केलंय की सगळी थकबाकी, मुद्दल आणि व्याज दोन्ही, पूर्ण भरल्याशिवाय खातं परत स्टँडर्ड, म्हणजे चांगलं, होत नाही. एनपीएत जाणं सोपं झालंय आणि बाहेर यायचा दरवाजा अरुंद झालाय, हे तुमच्या गावातल्या कोणी तुम्हाला सांगितलं नसणार.

आता आतेभावाचं. तो खोटं बोलत नाहीये. अमेरिकेत 27 मार्च 2020 ला कायदा झाला आणि त्यात पीपीपी नावाचं कर्ज होतं, ते मुळातच माफ व्हायला बनवलेलं होतं. अट अशी की मिळालेल्या पैशातला निदान 60 टक्के भाग कामगारांच्या पगारावर खर्च करायचा, बाकीचा भाडं, लाइटबिल अशा गोष्टींवर, आणि मग अर्ज करायचा, की कर्ज माफ. माणसांना कामावरून काढू नये म्हणून त्यांच्या सरकारने मालकाच्या हातून पगार दिला असं समजा. त्याच वेळी तिथे दुसरं एक कर्ज होतं, ईआयडीएल, 3.75 टक्क्याने 30 वर्षांसाठी, आणि ते माफ होणारं नव्हतं, तिथले कितीतरी छोटे दुकानदार ते आजही फेडतायत. आतेभावाला विचारा, त्याचं पहिलं होतं की दुसरं. आपल्याकडे जे झालं ते ह्या दुसऱ्याच्या जवळचं आहे. आपल्या सरकारने पगार दिला नाही, कर्ज दिलं. त्याबद्दल राग असू शकतो, मला स्वतःला वाटतं की ज्यांचा धंदा सरकारच्या आदेशाने बंद होता आणि वरून वादळाने छप्पर नेलं त्यांना नुसतं कर्ज देणं म्हणजे बुडत्याला काठी देऊन काठीचं भाडं लावणं होतं, आणि हे मी बँकेत असतानाही बोलायचे. पण तो राग हप्ता थांबवून काढला तर तो सरकारला लागत नाही, तुमच्या लॉजला लागतो.

माफीची अफवा अजून एका कारणाने टिकून आहे. आपल्या राज्यात शेतकऱ्यांची कर्जमाफी दोनदा झाली, 2017 ला दीड लाखापर्यंत आणि 2019 ला जाहीर झालेली दोन लाखापर्यंत, लोकांनी ती डोळ्याने बघितली. त्यामुळे थांबलो तर सुटू असं वाटतं. पण ती शेतीच्या कर्जाची होती. कोविडमधल्या धंद्याच्या कर्जावर सरकारने सोडलेली गोष्ट म्हणजे व्याजावरचं व्याज, मार्च ते ऑगस्ट 2020 ह्या सहा महिन्यांचं, 2 कोटीपर्यंतच्या कर्जांना, आणि ते पैसे त्या वर्षी दिवाळीच्या आधी खात्यात जमा झाले. तुमच्या मूळ कर्जाच्या पासबुकात नोव्हेंबर 2020 च्या आसपास एक छोटी जमा दिसेल, ती ती. पूर्ण व्याजमाफी मागायला लोक सुप्रीम कोर्टात गेले होते, 23 मार्च 2021 ला कोर्टाने ती नाकारली. त्यामुळे कोणी म्हणालं केस चालू आहे, निकाल लागेल, तर तो निकाल लागून गेलाय.

आणि तो एजंट. दादा त्याला 25 हजार देऊ नका, उद्या फोन आला तर सरळ नाही म्हणा. सेटलमेंट म्हणजे वन टाइम सेटलमेंट, कमी रक्कम एकदम भरून कर्ज मिटवणं, ती बँक बहुतेक एनपीए झालेल्या खात्याचीच करते, म्हणजे त्याचा सल्ला असा की आधी चांगलं खातं बुडवा मग मी कमी पैशात सोडवतो. सोडवलं तरी क्रेडिट रिपोर्टवर "सेटल्ड" असं येतं, पूर्ण फेडलं असं येत नाही, आणि उद्या मुलीला एज्युकेशन लोन लागलं आणि सहकर्जदार म्हणून तुमची सही लागली की तेव्हा तो एक शब्द आडवा येतो. आणि तुमचं मूळ कर्ज त्या सेटलमेंटमध्ये कुठे बसतं हे त्याने सांगितलं का? नाही सांगणार.

बरं मग करायचं काय. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण "भरा" म्हणणं सोपं आहे, 43 हजार महिन्याला कुठून आणणार हे तुम्हालाच माहीत.

पहिलं म्हणजे बाउन्स झालेला हप्ता. तो कसाही करून आधी भरा. आईच्या बांगड्यांवर सोनेतारण काढायला लागलं तरी मी हो म्हणेन, आणि मी सोनेतारणाला सहज हो म्हणणारी बाई नाही. 15 हजारासाठी थोडं सोनं दोन-तीन महिने ठेवलं आणि मे च्या गर्दीत सोडवलं तर जे व्याज जाईल ते काही शे रुपयांत असेल. सावकाराकडे जाऊ नका, मोबाइलवरच्या झटपट लोन ॲपकडे तर अजिबात नको.

दुसरं, स्टेटमेंट मागा. कोविड लोनचं पहिल्या दिवसापासूनचं पूर्ण स्टेटमेंट, आणि सोबत मंजुरीपत्राची प्रत. ह्या योजनेत बँकेला 9.25 टक्क्याच्या वर व्याज लावता येत नाही (फायनान्स कंपनी असेल तर मर्यादा 14). 2022 नंतर रेपो रेट वाढला तेव्हा बाकीच्या कर्जांचं व्याज चढलं पण ह्या कर्जाचं वरचं टोक तेच राहिलं. तुमचा हप्ता 15 हजार आहे आणि 6 लाख 48 महिन्यांत 9.25 ने फेडले तर हप्ता बरोबर 15 हजारच येतो, त्यामुळे तुमचा दर ठीक असावा, तरी बघा. बाउन्सचे चार्ज किती लावलेत तेही बघा, आणि दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावलेलं दिसलं तर लगेच विचारा, कारण 2024 पासून दंड हा शुल्क म्हणून वेगळा घ्यायचा, तो मुद्दलात मिसळून त्यावर व्याज आकारायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे तपासायला सीए लागत नाही, मुलगी इंजिनिअरिंगला आहे ना, तिला एक रविवार एक्सेलमध्ये मांडायला सांगा, तिलाही कळेल घराचा गाडा कसा चाललाय.

तिसरं आणि सगळ्यात मोठं, बँकेला लेखी कळवा की धंद्याला अडचण आहे. तोंडी नाही, लेखी. रिझर्व्ह बँकेने मार्च 2016 मध्ये छोट्या उद्योगांसाठी एक चौकट दिलीय, रिव्हायवल आणि रिहॅबिलिटेशनची, 25 कोटीपर्यंतच्या कर्जांना. त्यात असं आहे की खातं एनपीए व्हायच्या आधीच, एसएमए असताना, बँकेने अडचण ओळखायची आणि उपाय ठरवायचा, आणि उद्योजकाला स्वतःहून वाटलं की आपला धंदा अडचणीत चाललाय तर तो स्वतः अर्ज करू शकतो. एकूण मर्यादा 10 लाखापर्यंत असेल तर शाखेचा मॅनेजरच बघतो, तुमची त्याहून जास्त आहे म्हणून ते बँकेच्या समितीकडे जातं, तिच्यात बाहेरचा एक जाणकार आणि राज्य सरकारचा एक माणूस पण असतो. समितीपुढे तीन वाटा असतात. एक दुरुस्ती, म्हणजे तुम्ही सांगायचं की अमुक तारखेपर्यंत अमुक पैसे येणार आहेत, आणि त्याप्रमाणे खातं सरळ करायचं, गरज असली तर थोडं जादा कर्ज पण. दुसरी पुनर्रचना, म्हणजे हप्ते आणि मुदत बदलणं. तिसरी वसुली. तुम्हाला पहिली पाहिजे. पुनर्रचनेची नोंद राहते आणि पुढे नवीन कर्ज घेताना ती बोलते, म्हणून दुरुस्तीने भागत असेल तर तिकडे जाऊ नका, आणि भागत नसेल तर संकोच पण करू नका.

ह्या चौकटीबद्दल कोर्टात भांडण झालं होतं. आधी मुंबई हायकोर्टाने म्हटलं की बँकेवर हे आपणहून करायचं बंधन नाही. मग सुप्रीम कोर्टाने 1 ऑगस्ट 2024 ला प्रो निट्सच्या केसमध्ये म्हटलं की चौकट बँकांवर बंधनकारक आहे, पण उद्योजकानेही जागं राहायला पाहिजे, खातं एनपीए व्हायच्या आत कागदपत्रांसह बँकेला सांगायला पाहिजे, सगळं होऊन गेल्यावर कोर्टात येऊन मी छोटा उद्योग होतो म्हणून चालणार नाही. दादा, म्हणून तर मी तारखेवर एवढी अडून बसलेय. तुम्ही आज अर्ज केलात तर हा कायदा तुमच्या बाजूला आहे, तीन महिने गप्प बसलात तर तोच कायदा म्हणेल तुम्ही बोलला का नाहीत.

त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, पाहिजे. 2020 ला जुनं उद्योग आधार होतं, ते बदलून उद्यम केलं का? नसेल तर आधार आणि पॅन घेऊन सरकारी पोर्टलवर स्वतः करा, फुकट आहे, सायबर कॅफेवाल्याला पन्नास-शंभरच्या वर देऊ नका.

अर्जात काय लिहायचं ते सांगते, कारण लोक तिथे चुकतात, देवाला नवस बोलल्यासारखं लिहितात, "कृपया सहानुभूतीने विचार व्हावा." मॅनेजरला सहानुभूती असते दादा, त्याला वरच्या साहेबाला दाखवायला आकडे हवे असतात. तुमच्या लॉजच्या रजिस्टरमधून मागच्या तीन वर्षांचे महिनावार खोल्यांचे दिवस काढा. आठ खोल्या, मे मध्ये किती रात्री भरल्या, दिवाळीत किती, 25 डिसेंबर ते 1 जानेवारी किती, आणि जून ते सप्टेंबर किती. 2025 च्या मे महिन्यात मान्सून 25-26 तारखेलाच महाराष्ट्रात आला आणि त्याच्या आधीपासूनच कोकणात पाऊस सुरू होता, त्या आठवड्यांची बुकिंग कॅन्सल झालेली नोंद तुमच्या रजिस्टरमध्ये किंवा फोनच्या मेसेजमध्ये असणारच, ती जोडा. निसर्गनंतर झालेला पंचनामा असेल तर त्याची प्रत जोडा. वाडीचं पण लिहा, लावलेली पोफळ काही दुसऱ्या वर्षी सुपारी देत नाही, 2020 ला पडलेल्या झाडांच्या जागी लावलेली झाडं आता कुठे धरायला लागली असतील, म्हणजे येत्या वर्षांत तुमचं एक उत्पन्न परत सुरू होतंय. हे बँकेला कसं कळणार तुम्ही सांगितल्याशिवाय? तिच्या फाइलमध्ये तुमची वाडी 2020 च्या वादळातच आडवी पडलेली आहे.

आणि मागणी एकच आणि स्पष्ट ठेवा. माझ्या डोक्यात आहे ते असं, की जून ते सप्टेंबर चार महिने मूळ कर्जाचा हप्ता कमी करून द्या आणि तो फरक मे, नोव्हेंबर आणि जानेवारीत जादा भरून काढतो. मूळ कर्जाचं म्हणते कारण कोविड लोनची मुदत योजनेनेच 6 वर्षांची बांधलेली आहे, तिथे शाखेचे हात बांधलेले असतात, आणि ते तसंही दीड-पावणेदोन वर्षांत संपतंय. धंदा हंगामी आणि हप्ता मात्र बारमाही, ही तुमची खरी अडचण आहे, आणि कर्ज देतानाच कोणीतरी ते बघायला पाहिजे होतं. बँक हो म्हणेलच असं मी सांगणार नाही, हंगामी हप्ता म्हणजे पुनर्रचनाच झाली असं पण एखादा अधिकारी म्हणू शकतो, तेव्हा सही करायच्या आधी विचारा की ह्याने माझ्या खात्याचा वर्ग बदलणार का, आणि उत्तर लेखी घ्या.

बँकेने नाही म्हटलं तरी एक गोष्ट तुमच्या हातात आहे. कोविड लोन मुदतीआधी फेडायला दंड नाही. म्हणजे मे मध्ये हातात जादा पैसे आले तर दोन-तीन हप्ते एकदम मुद्दलात टाका, पण टाकताना अर्ज देऊन सांगा की हे पुढचे हप्ते म्हणून धरा की मुद्दल कमी करा. दोन्हीत फरक आहे. पुढचे हप्ते आगाऊ भरल्यासारखे धरले तर पावसाळ्यात तुम्हाला श्वास मिळतो, मुद्दल कमी केलं तर व्याज वाचतं पण जूनचा हप्ता जूनलाच द्यावा लागतो. तुमच्या जागी मी असते तर ह्या वर्षी श्वास घेतला असता. नाहीतर वहिनींच्या नावाने वेगळं खातं काढा आणि सीझनमध्ये दर भरलेल्या खोलीमागे रात्रीला 300 रुपये त्यात टाका, बाकी कशाला हात लावायचा नाही. मे मध्ये आठ खोल्या 25 रात्री भरल्या तर त्याचे 60 हजार होतात, म्हणजे जून ते सप्टेंबरचे कोविड लोनचे चारही हप्ते.

वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले असतील तर त्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 च्या नंतर फोन करता येत नाही, आईला किंवा मुलीला फोन करून दमदाटी तर करताच येत नाही. तसं झालं तर नंबर, तारीख, वेळ वहीत लिहून ठेवा, बँकेला लेखी तक्रार द्या, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत, 14448 वर फोन करून मराठीत विचारता येतं.

अजून एक, तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये पण ओळींमधून मला दिसलं, की बाउन्स झाल्याचं तुम्ही घरी सांगितलेलं नाही. "आई आणि बायको बघतात" असं जेवणाचं लिहिलंय, पैशाचं सगळं "मी" आहे. मला चुकीचं दिसलं असेल तर माफ करा. पण ज्या घरात बाई रोज वीस-पंचवीस माणसांचं जेवण काढते तिला महिन्याचा जमाखर्च तुमच्यापेक्षा कमी कळतो असं समजू नका. रजिस्टर काढून तीन वर्षांचे आकडे मांडायला तिघं बसा, आई कुठल्या वर्षी कोणत्या पाहुण्याने किती दिवस मुक्काम केला ते तुम्हाला न बघता सांगेल.

सोमवारी सकाळी 11 च्या सुमाराला जा, शुक्रवारी दुपारी नको, महिनाअखेरीला तर नकोच. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घरी ठेवा. काउंटरवरचा मुलगा म्हणाला की शिक्का साहेबांकडे आहे तर बाहेर बाकावर बसून राहा, आणि शेवटी दिलाच नाही तर तिथून उठून पोस्टात जा आणि तोच अर्ज शाखेच्या पत्त्यावर रजिस्टर एडीने टाका, पोस्टाची पावती त्याच फोल्डरमध्ये.